छोटा, अर्थपूर्ण टॅटू शरीरावर कुठे काढावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काय काढायचं ते बहुतेकांचं ठरलेलं असतं. आईच्या हस्ताक्षरातला एखादा शब्द, लाडक्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा, एक तारीख, एक पान. घोडं अडतं ते जागेवर. टॅटू छोटा आहे म्हणजे कुठेही बसेल असं वाटतं, पण मोठ्या चित्रात एखादी रेघ पसरली तरी चित्र ओळखू येतं. नखाएवढ्या चित्रात ती एक रेघ म्हणजे अर्धं चित्र असतं. म्हणून या पानावर डिझाइनपेक्षा जागेबद्दलच जास्त बोललं आहे.

जागांची यादी वाचून गोंधळ वाढतो. सुरुवात कुठून करू?

यादी बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा की हा टॅटू कोणी बघायचा आहे. तुम्ही स्वतः? समोरचा माणूस? की तुम्ही दाखवाल त्यालाच?

स्वतःला आधार म्हणून, आठवण म्हणून टॅटू हवा असेल, तर तो आरशाशिवाय दिसला पाहिजे. मग फोरआर्मची (कोपर ते मनगट या भागाची) आतली बाजू, मनगटाच्या जरा वरचा भाग, दंडाची आतली बाजू, मांडीचा पुढचा भाग, घोट्याची आतली बाजू एवढ्याच जागा उरतात. मानेवर मागून, कानामागे, खांद्याच्या मागच्या सपाट भागावर काढलेला टॅटू सुंदर दिसतो, पण तो इतरांना दिसतो. 'धीर धर' असा शब्द स्वतःसाठी निवडायचा आणि तो मानेच्या मागे काढायचा, हे मला पटत नाही. ज्या क्षणी त्या शब्दाची गरज असते, त्या क्षणी तो डोळ्यांसमोर नसतो.

खाजगी ठेवायचा असेल तर बरगड्या, कंबरेची बाजू, मांडीचा वरचा भाग आणि दंडाची काखेकडची बाजू बघा. दुःखाशी जोडलेल्या टॅटूसाठी मी आवर्जून हेच सुचवते. उघड्या जागेवरच्या टॅटूबद्दल अनोळखी माणसंही सहज विचारतात, 'हे कोणाचं नाव?' हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकायची तयारी आहे का, ते आधी मनाशी ठरवा.

छोटा म्हणजे किती छोटा चालतो?

हा प्रश्न आकाराचा वाटतो, पण जागा बऱ्याचदा यावरच ठरते.

सुई साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाते आणि शाई त्वचेच्या मधल्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये ठेवते. वरचा थर सतत झडत आणि नव्याने तयार होत असतो, त्यामुळे तिथली शाई टिकत नाही. मधल्या थरातले शाईचे कण शरीराला परके असतात, म्हणून रोगप्रतिकारक पेशी ते गिळतात आणि तिथेच धरून बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा उचलते. शाई अशी हातोहात पुढे जात राहते. वर्षं जातात तशी प्रत्येक रेघ थोडी जाड आणि थोडी मऊ होते. हे चांगल्यातल्या चांगल्या टॅटूचंही होतं.

म्हणून दोन रेघांमध्ये श्वास घ्यायला जागा हवी. देवनागरी अक्षरांत तर ती जास्तच हवी. 'व' आणि 'ब' यांच्यात फरक एका तिरक्या रेघेचा, आणि ती रेघ अक्षराच्या पोटात असते. पोट भरून आलं की अक्षर वाचता येत नाही. 'भ', 'ध', 'क्ष', 'श्र' यांच्या गाठी, डोक्यावर बसलेला रफार, शिरोरेषेवरचा अनुस्वार, सगळं बारीक आणि एकमेकांना चिकटून असतं. इंग्रजी अक्षरं ज्या उंचीवर चालतात, त्याच उंचीवर जोडाक्षरं काढली तर ती आधी मिटतात. शब्दात जोडाक्षर असेल तर टॅटू थोडा मोठा करा आणि तो मोठा टॅटू सपाट बसेल अशी जागा निवडा. बोटाच्या पेरावर 'श्रद्धा' मावतं, पण काही वर्षांनी ते वाचता येईल याची खात्री मी देणार नाही. फोरआर्मवर तोच शब्द आरामात राहतो.

जाता जाता एक सांगते. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर सुटून पाय मोडलेलं दिसतं. देवनागरी न वाचणाऱ्या आर्टिस्टला ते कळणारही नाही. शब्द स्वतः लिहून किंवा कागदावर छापून न्या आणि स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी त्वचेवर उमटवलेला चित्राचा आराखडा, लावल्यावर एकेक मात्रा तपासा.

बोटावर काढू का? फोटोत फार छान दिसतो.

फोटो बहुतेकदा टॅटू काढल्याच्या दिवशी घेतलेला असतो. आर्टिस्टकडे वर्षभरानंतरचा फोटो मागा, मग ठरवा.

तळहात, तळपाय, बोटांच्या कडा आणि टाचेची बाजू इथे त्वचेचा वरचा थर जाड असतो आणि घासणंही सतत चालू असतं. हात दिवसभर धुतले जातात, वस्तू पकडतात, खिशात जातात. शाई ठिपक्याठिपक्यांनी निघून जाते. ती बसावी म्हणून सुई जास्त खोल गेली तर रेघेभोवती निळसर धूसर कड पसरते. त्याला ब्लोआउट म्हणतात. तो पुन्हा रेखून दुरुस्त होत नाही, उलट वाढू शकतो. बोटाच्या वरच्या बाजूला, सांध्यापासून दूर, एखादा ठिपका किंवा साधी छोटी खूण असेल तर चालू शकते. दर काही काळाने टचअप करावं लागेल हे मात्र आधीच मान्य करून बसा. बोटाच्या आतल्या बाजूला कोणाचं नाव काढायचा विचार असेल तर तो सोडून द्या, असंच मी सांगेन. ज्या व्यक्तीची आठवण जपायची, तिचं नाव पुसट होत जाताना बघणं त्रासाचं असतं.

मनगट आणि घोटा यांचं काय?

दोन्ही चांगल्या जागा आहेत, फक्त घडीपासून दूर राहा. मनगट वाकतं तिथे आडव्या रेषा असतात. त्यांच्यावर टॅटू आला तर तो बरा होताना ताणला जातो आणि पुढेही असमान दिसतो. दोन बोटं वर सरका. रोज घड्याळ किंवा बांगड्या घालत असाल तर त्या जिथे टेकतात ती जागाही सोडा. घोट्याला बुटाची कड आणि मोज्याचं इलॅस्टिक घासतं, तेव्हा हाडाच्या वरची बाजू घ्या. मनगटाच्या आतल्या शिरांची अनेकांना भीती वाटते. सुई त्या खोलीपर्यंत जात नाही. त्वचा तिथे पातळ असते, म्हणून हलका हात असलेला आर्टिस्ट मात्र हवा.

सर्वांत कमी कुठे दुखतं?

दंडाची बाहेरची बाजू, फोरआर्म, मांडीचा बाहेरचा भाग, पोटरी. जास्त दुखतं ते बरगड्यांवर, छातीच्या मध्यभागी, काखेजवळ, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, पावलाच्या वर. पण छोट्या टॅटूला बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आतच वेळ लागतो. तेवढ्या वेळाच्या दुखण्यावरून कायमची जागा ठरवू नका.

वजन वाढलं किंवा गरोदरपण आलं तर टॅटू बिघडेल का?

पोट, कंबरेच्या बाजू, छाती आणि मांडीची आतली बाजू इथे त्वचा सर्वांत जास्त ताणली जाते. थोड्याफार वजनाने छोट्या टॅटूला विशेष काही होत नाही, कारण आजूबाजूची त्वचा त्याच्यासकट सारखी हलते. पण नेमका त्याच जागी स्ट्रेच मार्क उमटला तर रेघ तुटल्यासारखी दिसते. वर्तुळ, चौकोन, सरळ रेघ अशा भौमितिक आकारात ते लगेच डोळ्यात भरतं. पानाफुलांत लपून जातं. पुढच्या काही वर्षांत मूल हवं असेल तर खालच्या पोटाऐवजी फोरआर्म, घोटा किंवा खांद्याच्या मागचा भाग निवडा. गरोदरपणात नवा टॅटू काढू नये. संसर्गाचा धोका त्या काळात पत्करण्यासारखा नसतो.

अक्षरांचं तोंड माझ्याकडे असावं की समोरच्याकडे?

बहुतेक आर्टिस्ट सांगतील की हात खाली सोडून उभं राहिल्यावर चित्र सुलट दिसलं पाहिजे, म्हणजे समोरच्याला ते सरळ दिसेल. या पद्धतीमागे कारण आहे. शरीरावरचे सगळे टॅटू एकाच दिशेने असले की पुढे वाढवताना विसंगती येत नाही, आणि उलटं चित्र फोटोत, आरशात उलटंच दिसत राहतं.

तरीही फक्त स्वतःसाठी असलेल्या चार अक्षरांना मी हा नियम लावणार नाही. टॅटू वाचणारे तुम्ही असाल तर तो तुमच्याकडे तोंड करून असू दे. फक्त हे आर्टिस्टला आधी सांगा, नाहीतर स्टेन्सिल आपोआप दुसऱ्या दिशेने लागेल.

फोरआर्मची आणखी एक गंमत आहे. तळहात वर-खाली फिरवताना तिथलं एक हाड दुसऱ्यावरून वळतं आणि त्याबरोबर त्वचाही वळते. टेबलावर हात ठेवून लावलेली सरळ रेघ उभं राहिल्यावर तिरकी दिसू शकते. स्टेन्सिल लावून घेताना उभे राहा, हात सैल सोडा. मग आरशात पाहा, हात वळवून पाहा, कोपर वाकवून पाहा.

हृदयाशी जोडलेलं आहे म्हणून छातीवरच काढायचा आहे. चालेल ना?

अर्थाशी जुळणारी जागा मिळाली तर फार समाधान वाटतं, आणि डाव्या छातीचा वरचा भाग, कॉलरबोनच्या खालचा, छोट्या टॅटूसाठी चांगला आहे. पण छातीचा मध्यभाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी आणि जबड्याची कड इथे केलॉइड होण्याची शक्यता जास्त असते. केलॉइड म्हणजे जखम भरल्यानंतरही वाढत राहणारा, उंचवटा धरणारा व्रण. सावळ्या आणि गडद त्वचेत तो जास्त दिसतो, आणि घरात कोणाला असेल तर तुम्हालाही होण्याची शक्यता वाढते. कान टोचल्यावर किंवा टाके घातल्यावर तुमची त्वचा अशी फुगली होती का, ते आठवा. फुगली असेल तर जागा बदलून भागणार नाही. टॅटूच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तीळ किंवा जुना व्रण टॅटूखाली झाकता येईल का?

तीळ झाकू नका. तिळाचा रंग, कड किंवा आकार बदलणं हे त्वचेच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं आणि शाईखाली ते दिसत नाही. तिळाला चित्रात सामावून घ्या, पण त्याच्याभोवती मोकळी जागा सोडा.

व्रणाचं वेगळं आहे. शस्त्रक्रियेचा, अपघाताचा किंवा स्वतःला केलेल्या इजेचा व्रण टॅटूत बदलणं हा अनेकांसाठी शरीर पुन्हा आपलंसं करण्याचा मार्ग असतो, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. घाई तेवढी नको. व्रण फिकट आणि सपाट व्हायला साधारण वर्ष जातं; लालसर, खाजरा, कडक असेपर्यंत थांबा. व्रणाच्या ऊतीत शाई एकसारखी बसत नाही, म्हणून अतिबारीक रेघांऐवजी थोडी जाड रेघ किंवा छटा असलेलं चित्र घ्या. व्रणावर काम केलेला आर्टिस्टच शोधा. कधीकधी व्रण न झाकता त्याच्या शेजारून जाणारी एक डहाळी जास्त सुंदर दिसते.

माझी त्वचा सावळी आहे. जागा निवडताना वेगळा विचार करायचा का?

जागेपेक्षा रंगाचा आणि रेघेच्या जाडीचा करा. शाई त्वचेच्या रंगद्रव्याखाली असते, त्यामुळे आपण ती त्या रंगातून बघतो. काळी शाई सगळ्या त्वचेवर स्पष्ट दिसते. पांढरी, पिवळी आणि फिकट छटा सावळ्या त्वचेत हरवतात. जागेपुरतं बोलायचं तर ऊन कमी लागणारा भाग, म्हणजे दंडाची किंवा फोरआर्मची आतली बाजू, बाहेरच्या बाजूपेक्षा सहसा उजळ असतो आणि बारीक रेघ तिथे जास्त उठून दिसते. ऊन कुठल्याही रंगाच्या त्वचेवरची शाई फिकी करतंच, तेव्हा बऱ्या झालेल्या टॅटूवर बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावत जा.

नोकरीत अडचण येईल का?

गणवेशाच्या सेवांमध्ये टॅटू कुठे असावा याचे लेखी नियम असू शकतात. त्या वाटेला जायचं असेल तर सध्याचा नियम मूळ जाहिरातीत वाचल्याशिवाय सुईला हात लावू देऊ नका. बाकीच्यांनी अर्ध्या बाहीचा शर्ट आणि पूर्ण पँट घालून आरशासमोर उभं राहावं. कपड्याखाली जे झाकलं जातं ते सुरक्षित.

कमरेवर टॅटू असेल तर बाळंतपणात मणक्यातलं इंजेक्शन मिळत नाही, हे खरं का?

नाही. टॅटू पूर्ण बरा झालेला असेल तर एपिड्यूरल बहुतेक वेळा देता येतं. भूलतज्ज्ञ शक्यतो शाई नसलेली जागा शोधून सुई घालतात, आणि छोट्या टॅटूत तशी जागा सहज सापडते. कंबरेच्या अगदी मधोमध कण्यावर काढण्याऐवजी थोडं बाजूला काढलं तर प्रश्नच येत नाही.

टॅटू असेल तर एमआरआय तपासणीत त्रास होतो, अशीही भीती असते. ३३० जणांच्या ९३२ टॅटूंवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात टॅटूशी संबंधित त्रास एकालाच झाला आणि तोही सौम्य. तपासणीच्या आधी टॅटू आहे एवढं सांगा. रक्तदान मात्र काही काळ थांबतं. देशानुसार ही मुदत काही महिने ते वर्षभर असते. नियमित रक्तदाते असाल तर तारीख त्या हिशोबाने ठरवा.

ठरवलेली जागा आधी आजमावून बघता येते?

येते, आणि हे करायलाच हवं. डिझाइन टेम्पररी टॅटूच्या कागदावर छापून घ्या, किंवा त्वचेसाठीच्या पेनने काढा, आणि नेहमीचं आयुष्य जगा. अंघोळ, काम, पाहुणे, आरसा. एकाच जागेवर समाधान मानू नका. दोन-तीन जागी थोडे थोडे दिवस ठेवून बघा. दिवसातून किती वेळा नजर तिकडे गेली आणि गेल्यावर बरं वाटलं की नकोसं झालं, हे लक्षात ठेवा. सेल्फी उलटी असू शकते, म्हणून फोटो दुसऱ्या कोणाला काढायला सांगा.

यासाठी 'काळी मेंदी' वापरू नका. गडद रंगासाठी त्यात पीपीडी नावाचं केसांच्या रंगातलं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येऊ शकतात, व्रण राहू शकतो आणि पुढे आयुष्यभर केसांच्या रंगाची ॲलर्जी लागू शकते.

पुढे आणखी टॅटू काढायचे आहेत. मग?

मग मोठ्या मोकळ्या भागाच्या मधोमध छोटा टॅटू टाकू नका. पाठीच्या किंवा मांडीच्या मध्यावर एकुलती एक खूण असली की पुढे मोठं चित्र बसवताना तिला वळसा घालावा लागतो. कडेला, हाडाच्या रेषेला धरून काढा.

नकोसा झाला तर? काढून टाकायला कुठली जागा सोपी?

लेझरने शाईचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. त्यामुळे रक्तपुरवठा चांगला असलेल्या भागात काम लवकर होतं. लेझरच्या किती बैठका लागतील याचा अंदाज घ्यायला डॉक्टर कर्बी-देसाई नावाची मोजपट्टी वापरतात. ती २००९ साली मांडली गेली आणि तिच्यात जागेलाही गुण आहेत. डोकं आणि मानेला सर्वांत कमी, तर हातापायांच्या टोकांकडच्या भागांना सर्वांत जास्त. म्हणजे घोट्यावरचा टॅटू काढायला मानेवरच्यापेक्षा जास्त खेपा पडतात. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जातात. जोडीदाराचं नाव काढण्याआधी हा हिशोब एकदा डोळ्यांखालून घाला.

आर्टिस्ट म्हणतो ती जागा नको. ऐकू का?

कारण विचारा. 'तिथे शाई टिकत नाही', 'या आकाराला ती जागा लहान आहे', 'तुमची त्वचा तिथे फार सैल आहे' अशी कारणं असतील तर ऐका. पैसे मिळत असताना काम नाकारणारा आर्टिस्ट तुमच्या टॅटूचा पुढचा विचार करतोय. कारण न सांगता टाळत असेल किंवा उलट प्रत्येक जागेला 'हो' म्हणत असेल, तर दुसरीकडे जा. ताज्या कामाचे फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही त्याच जागेवरच्या, त्याच जाडीच्या रेघेच्या, बऱ्या झालेल्या टॅटूंचे फोटो मागा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली पाहिजे, शाई छोट्या वापरून फेकायच्या कपात ओतली पाहिजे आणि हातमोजे नवे असले पाहिजेत. यात कसूर झाली तर हेपटायटिस बी आणि सी सारखे संसर्ग होऊ शकतात. तिथे भिडस्तपणा नको.

स्टेन्सिल लागल्यावर जागा चुकल्यासारखी वाटली तर?

सांगा. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावता येतो, अर्धा सेंटिमीटर सरकवण्यासाठीसुद्धा. चांगला आर्टिस्ट यावर चिडत नाही. तिसऱ्यांदाही मन नाही म्हणत असेल तर उठून या. आगाऊ रक्कम गेली तर जाऊ दे.

बरा होईपर्यंत जागेनुसार काय सांभाळायचं?

वरची त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरते, आतली पूर्ण बरी व्हायला काही महिने लागतात. बरगड्यांवर असेल तर घट्ट अंतर्वस्त्र टाळा आणि दुसऱ्या कुशीवर झोपा. घोट्यावर किंवा पावलावर असेल तर उघडी चप्पल घाला, लांब चालणं पुढे ढकला. मधुमेह असेल तर पावलावर काढण्याआधी डॉक्टरांना विचारणं सोडू नका, कारण तिथल्या जखमा रेंगाळतात. कानामागे असेल तर केस बांधून ठेवा, शाम्पू आणि केसांचं तेल तिथे लागू देऊ नका. मानेवर कॉलर आणि गळ्यातली साखळी घासते. जागा कुठलीही असो, खपली खरवडू नका, पूर्ण भरेपर्यंत पोहायला जाऊ नका आणि थेट ऊन लागू देऊ नका. पहिले काही दिवस थोडी लाली आणि सूज असतेच. लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लाल शाईच्या भागातच खाज आणि उंचवटा राहिला तर ती ॲलर्जी असू शकते, आणि ती टॅटू काढल्यावर महिन्यांनी, वर्षांनीही उद्भवते; त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.